जावळाचं नातं

जेवाहिराला सगळ्यांनी एकच गोष्ट पढवली होती. विचारतील तेवढंच बोलायचं.

हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टातल्या सरकारी वकीलबाईंनी सांगितलं, साक्षीदारांची सोय बघणाऱ्या डच बाईनं सांगितलं, आणि या सगळ्यांचं बोलणं तिच्या भाषेत आणून देणाऱ्या यास्नानं तर विमानतळापासूनच सुरुवात केली होती.

"मावशी, प्रश्न न्यायाधीश विचारणार, वकील विचारणार. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं."

"आणि मला काही विचारायचं असलं तर?"

"साक्षीदार विचारत नाही, मावशी."

"मग बोस्नियाहून एवढं लांब मी काय ट्युलिप बघायला आले?"

यास्ना हसली. सारायेवोची पोर, सरकारी वकिलांच्या कचेरीत दुभाषी. हॉटेलच्या खोलीतल्या टेबलावर जेवाहिरानं आणलेली बरणी उघडी होती आणि यास्ना त्यात चमचा घालून उभ्याउभ्याच खात होती. आलुबुखारचं पेकमेज. साखर नाही, काही नाही, नुसता गर कढईत घालून सकाळपासून दिवे लागेपर्यंत ढवळायचा, काळा होईपर्यंत.

"काय झालंय हो हे! माझी आजी करायची असं."

"खा. घरच्या बागेतलं आहे. अजून शेल्फभर आहे."

जेवाहिराला एकच प्रश्न विचारायचा होता. एल्दार कुठंय? तिचा मुलगा. सोळा पुरं होऊन सतरावं लागलेला, बापासारखा लांब हाताचा, घराबाहेर पडताना दार आपटणारा. जिवंत नाही हे तिला कळत होतं. तिला मूठभर हाडं हवी होती. पुरायला जागा आणि शुक्रवारी जाऊन बसायला एक दगड. नवरा रिझवान पहिल्याच दिवशी पुलावर मारला गेला, द्रिना नदीनं त्याला खाली नेऊन टाकला, तो तरी मिळाला. एल्दार मिळाला नाही. वीटभट्टीमागचा खड्डा उघडला तेव्हा तिथून गावची हरवलेली बहुतेक सगळी पोरं निघाली, थोडीथोडी, तुकड्यातुकड्यानं. जेवाहिरा रोज जाऊन उभी राहायची. एल्दारचं नखसुद्धा निघालं नाही.

आणि तो कुठंय हे ज्याला माहीत असणार असा एकच माणूस होता. तोदोर विदाक. उद्या तो तिच्यासमोर बसणार होता.

युद्धात पुढारी कधी कुणाला मारत नाहीत. ते बैठका घेतात. तोदोरनं भरपूर घेतल्या. द्रिना खोऱ्याच्या सर्ब युद्धसमितीचा तो अध्यक्ष होता. त्याच्या सहीनं माणसं घराबाहेर निघाली, त्याच्या सहीनं बस आल्या, त्याच्या सहीनं वीटभट्टीवर चुन्याची पोती गेली. आता त्याचे वकील म्हणत होते, की त्या आठवड्यात अध्यक्ष बेलग्रेडला होते, शिष्टमंडळाबरोबर, आणि वीटभट्टीवर काय झालं ते त्यांना बिचाऱ्यांना पुढं वर्तमानपत्रातनं कळलं.

पण त्याआधी तोदोर जेवाहिराच्या गावचा, पोडलिपचा, गुरांचा डॉक्टर होता. आडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू काढणारा. फी म्हणून अंडी घेणारा. आणि एल्दारचं जावळ कापलं होतं ते त्यानं.

पोडलिपमध्ये मुलाचं जावळ कापतो तो कूम होतो, आणि मुलाची आई त्याची कुमा. सर्बानं मुसलमानाच्या पोराचं कापावं किंवा मुसलमानानं सर्बाच्या, मुद्दाम. म्हणजे दोन घरं एक होतात. पुढं त्यांच्यात सोयरीक होत नाही, इतकं ते रक्ताचं धरतात. कूमचा उंबरा म्हणजे आपला उंबरा. कूमच्या हातून आलेली वस्तू नाकारायची नाही, परत करायची नाही. आणि कूमला देवाची आणि संत योवानची शपथ घालून काही मागितलं, तर त्यानं नाही म्हणायचं नाही. कधीच नाही. आजोबा-पणजोबांपासून कुणी म्हटलं नव्हतं.

तोदोरनं त्या दिवशी दवाखान्यातली लांब कात्री आणली होती. रिझवान म्हणाला होता, "डॉक्टर, हा बैल नाही बरं का, भलतंच काही कापू नका!" अंगण हसून लोळलं होतं. तोदोरची बायको स्तोया पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोर तिच्या मण्यांची माळ चावत होतं.

म्हणून, जेव्हा युद्धाचं ते वर्ष आलं आणि समितीची माणसं आरागिरणीतून कामावरच्या पोरांना उचलायला लागली, तेव्हा जेवाहिरानं दुसरा विचारच केला नाही. बाकीच्या बायांनी पोरं जंगलात पाठवली. तिनं एल्दारला स्वेटर घातला आणि सांगितलं, "कूमकडं जा. मागच्या वाटेनं. त्याच्या उंबऱ्याच्या आत तुला कोण हात लावतो ते बघू."

जंगलात गेलेल्यांतले निम्मे जगले.

*

कोर्टातली खोली तिला दवाखान्यासारखी वाटली. सगळं पांढरं, फिकट निळं, कुणाचाही आवाज वर चढत नाही. कानाला यंत्र लावलेलं, त्यातून सगळे एकाच बाईच्या गोड आवाजात बोलत होते. न्यायाधीश, वकील, सगळे.

तोदोर म्हातारा झाला होता. तुरुंगाच्या खाण्यानं मात्र गाल भरले होते. निळा सूट. तिनं बघितलं तसं त्यानं मान लववली. रस्त्यात भेटल्यावर लववायचा तशी. आणि जेवाहिराची मानसुद्धा आपोआप लवली.

सकाळभर ती शहाण्यासारखी वागली. विचारलं तेवढं बोलली. घर कसं पेटलं, बसमध्ये कुणाला चढवलं, कुणाला उतरवलं. मग तोदोरचा वकील उठला. गोरापान, सौम्य, हात एकावर एक ठेवून बोलणारा.

"बाई, तुमच्या दुःखाबद्दल मला अतिशय आदर आहे."

"तो ठेवा तुमच्याजवळ. विचारा."

"त्या आठवड्यात तुम्ही स्वतः श्री. विदाक यांना पाहिलंत?"

"नाही."

"तुमचा मुलगा त्यांच्या घरी पोचला, हे पाहिलंत?"

"पाठवला मी."

"पोचला का?"

जेवाहिरानं तोदोरकडं बघितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"धन्यवाद." तो बसला. झालं. जणू पावाच्या दुकानात सुटे पैसे घेतले आणि निघाला.

मधले न्यायाधीश तसे बरे होते, पांढऱ्या भुवयांचे. ते म्हणाले, "बाई, तुमची साक्ष संपली. जाण्यापूर्वी तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

इतके दिवस सगळे तिला पढवत होते, पण हे असं विचारतील, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवाहिरानं कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. खुर्ची वळवली. आणि ती न्यायाधीशांकडं न बघता सरळ तोदोरकडं बघून बोलली.

"कूम तोदोर."

त्याची मान वर आली.

"देवाची आणि संत योवानची शपथ तुला. एल्दार कुठंय?"

मुसलमान बाई संत योवानचं नाव घेते, हे तिथल्या काळ्या झग्यांना काही कळलं नसणार. न्यायाधीश म्हणाले, बाई, कृपया न्यायासनाकडं बघून बोला. तोदोरचा वकील अर्धा उठला. पण वरच्या काचेमागं, जिथं खोऱ्यातली चार माणसं बघायला बसली होती, सर्बही आणि मुसलमानही, तिथं सगळे ताठ झाले. त्यांना कळलं होतं.

तोदोरला कळलं होतं. तो उभा राहिला. वकिलानं त्याची बाही ओढली, ती त्यानं झटकली. एवढे महिने तो वकिलांनी शिकवलेलं बोलत होता, 'मला आठवत नाही', 'माझ्या अधिकारात नव्हतं'. आता त्याचा चेहराच बदलला. पोडलिपचा डॉक्टर उभा होता तिथं, अंगणात उभा असल्यासारखा, छाती काढून.

"कुमा," तो म्हणाला, "खड्ड्यात नाही ठेवला मी त्याला."

"बसा! एक शब्द नको!" वकील ओरडला. त्याचा सौम्यपणा कुठं गेला कुणास ठाऊक.

"मी कूम आहे त्याचा. त्या बाकीच्यांबरोबर, वर चुना ओतून, तसा ठेवीन मी त्याला? दुसऱ्या दिवशी वीटभट्टीवर स्वतः गेलो. माणसं लावून बाजूला काढला. तुझ्याच घरामागं आणला, त्याच्या बापाच्या जमिनीत. कोपऱ्यातल्या त्या आलुबुखारखाली, रिझवान तोडायला निघालेला ना, त्या. चादरीत गुंडाळला. तोंड तुमच्या पद्धतीनं मक्केकडं केलं. या हातांनी, कुमा."

आणि त्यानं हात दाखवले. अभिमानानं. तिला वाटलं होतं तो खोटं बोलेल, रडेल, तोंड लपवेल. तो शाबासकी मागत होता.

"दारात आला होता?" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"आला होता."

"मग?"

"आत माणसं बसली होती, कुमा. कमांडर होता, वरून आलेला. त्यांच्यासमोर मी काय करणार होतो?"

त्याच्यासमोरचा लाल दिवा विझला. कुणीतरी त्याचा माईक बंद केला होता. ओठ हलत राहिले.

*

बाहेरच्या बोळात सरकारी वकीलबाई जवळजवळ नाचत होत्या. ऑस्ट्रेलियाची बाई, उंच, उन्हानं रापलेली, कामाला वाघ. पण त्या क्षणी जेवाहिराला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बेलग्रेडची बैठक खोटी ठरली होती. खड्डा माहीत होता, कमांडर घरी होता, पोरगा दारात आला होता. सगळं आरोपीच्या तोंडून, भर कोर्टात. इतक्या कागदांनी जे झालं नाही ते एका म्हातारीनं केलं. बाईंनी जेवाहिराला मिठी मारली. हातात हात घेऊन इंग्रजीत भराभरा काहीतरी बोलल्या.

जेवाहिराच्या डोळ्यांसमोर ते झाड होतं.

युद्धाआधी ते झाड कधी फळलं नाही. रिझवाननं कुऱ्हाड पाजळून ठेवली होती. ती परत आली तेव्हा घराला छप्पर नव्हतं, बागेत कंबरभर काटे होते, आणि ते एक झाड वाकलं होतं फळांनी. जोडीला परतलेली शेजारीण हांका म्हणाली होती, "बघ मेल्याला! तुझा नवरा गेला, कुऱ्हाडीची भीती गेली, लगेच व्यालं!" दोघी हसल्या होत्या. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसल्या होत्या. मग कढई मागून आणली आणि पेकमेज घातलं. त्या वर्षी, पुढच्या वर्षी, दर वर्षी. सगळ्या बागेत त्या झाडाचं गोड. ती बोट बुडवून चाटून बघायची, झालं का. ईदला वाटायची. मशिदीत दिलं. मेलेल्या पोरांच्या आयांना दिलं.

"मी माझा पोरगा खाल्ला," ती म्हणाली.

वकीलबाईंना भाषा येत नव्हती. त्या हसल्या आणि त्यांनी तिचे हात आणखी घट्ट दाबले.

यास्ना कुठंच दिसेना. जेवाहिरा तिला शोधत हात धुवायच्या खोलीत गेली, तर पोरगी तिथं फरशीवर गुडघे टेकून ओकत होती. बाजूच्या खोलीतल्या पडद्यावर तिनं सगळं बघितलं होतं.

"माफ करा, मावशी," ती म्हणत होती, "माफ करा, मला..."

जेवाहिरा तिच्याजवळ बसली आणि तिचे केस मागं धरून ठेवले. आई धरते तसे. तिला स्वतःला उलटी येत नव्हती. काहीच येत नव्हतं.

*

त्या शरदात हाडं शोधणारी माणसं पोडलिपला आली. पांढरे झगे, ब्रश, खुरपी, पिशव्या. सभ्य माणसं. त्यातली मुख्य बाई जेवाहिराला म्हणाली, मुळांनी फार घट्ट धरलंय, झाड काढावं लागेल, तुमची परवानगी हवी.

"माझ्या परवानगीवाचून तिथं सगळं झालं," जेवाहिरा म्हणाली. "तुम्हीच एकट्या विचारताय."

ती कुंपणाजवळ स्टुलावर बसून होती. हांका तिच्या शेजारी. जिभेला कधी हाड नसलेली हांका, पण त्या दिवशी तिनं एक शब्द काढला नाही, फक्त जेवाहिराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. फांद्या उतरवल्या. खोड आडवं झालं. उरलीसुरली फळं गवतात पडून फुटली आणि त्यांच्यावर गांधीलमाशा आल्या. मग त्या माणसांनी हळूहळू मुळं कापली, आणि मुळांच्या आतून, टोपलीतून काढावा तसा, तिचा पोरगा काढला. चादरीच्या चिंध्या होत्या. स्वेटरची कॉलर तशीच होती. तोंड मक्केकडं होतं. तोदोर त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता.

दुपारी फाटकाशी कुणीतरी उभं राहिलं. काळा रुमाल, काळा कोट, हातात पिशवी.

"ही इथं कशाला तडफडली?" हांकाचा आवाज परत आला. "जेवा, हाकलू का?"

स्तोया होती. तोदोरची बायको. एल्दारला मांडीवर घेऊन बसलेली.

"येऊ दे," जेवाहिरा म्हणाली.

स्तोयानं पायरीवर पिशवी ठेवली. कॉफीचा पुडा आणि साखरेच्या वड्यांचं खोकं. मयताच्या घरी नेतात ते. खड्ड्याकडं बघून तिनं हाताची मूठ तोंडात घातली.

"मला माहीत नव्हतं, कुमा. मला म्हणाला, पोराला नदीपलीकडं सोडून आलो."

"घरात होतीस ना तू?"

"मी स्वयंपाकघरात होते. त्या लोकांसाठी कोकरू भाजत होते." ती रडायला लागली. "दार वाजलं ते ऐकलं. तो दार आपटायचा ना..."

"पुढं बोल. कॉफी द्यायला तू एवढी चढण चढून आली नाहीस."

स्तोयानं डोळे पुसले. ती जे बोलायला आली होती ते तिलाही नको होतं, हे दिसत होतं. पण नवऱ्याचा निरोप होता. आयुष्यभर तिनं नवऱ्याचे निरोप पोचवले होते.

"तो म्हणतो, तू शपथ घातलीस म्हणून त्यानं सांगितलं. वकील नको म्हणत होते. त्यामुळं आता त्याला जन्मठेप होणार म्हणतात. तो म्हणतो, त्यानं कूमपण राखलं, आता तू राख." तिनं मान खाली घातली आणि पाठ केलेलं म्हटलं, "देवाची आणि संत योवानची शपथ तुला. हेगला पुन्हा ये आणि न्यायाधीशांना सांग, की त्यानं तुझ्या मुलाला मानानं पुरला. तुझ्या सांगण्यानं शिक्षा कमी होईल."

हांका उठली. गवतातली कुऱ्हाड तिच्या पायाशीच होती आणि तिची नजर तिकडं गेली होती. पांढऱ्या झग्यातली माणसं काम थांबवून बघायला लागली. बहुतेकांना भाषा येत नसली तरी काहीतरी कळलंच असणार.

जेवाहिराला राग यायला हवा होता. तिला नुसता धक्का बसत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. या माणसानं पोराला दारातून ढकलला, मारायला दिला, खड्ड्यातून उकरला, आईच्या खिडकीखाली गाडला आणि गप्प राहिला. ती परत येईल, छप्पर घालील, झाडं छाटील, तोडणी करील, हे त्याला ठाऊक होतं. आणि तो अजून हिशेब मांडून बसलाय की कूमपण त्यानंच राखलं! त्याला खरंच तसं वाटतंय. ढोंग असतं तर सोपं होतं.

ती उठली आणि घरात गेली. शेल्फवर गेल्या वर्षीच्या बरण्या ओळीनं उभ्या होत्या. फेकायला हात धजला नव्हता, पुरायला काढल्या तर हांका म्हणाली होती, इमामाला विचारू, आणि इमाम ऐकून नुसता पांढराफटक पडला होता. जेवाहिरानं एक बरणी उचलली, पदरासारख्या पुढं बांधलेल्या फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि बाहेर आली.

"शपथ घातलीस. मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "येईन मी हेगला."

"जेवा!" हांका किंचाळली.

"थांब गं. स्तोया, हात पुढं कर."

स्तोयानं हात पुढं केले. बरणी त्यात आली.

"या झाडाचं आहे. गेल्या वर्षीचं. आम्ही सगळ्यांनी खाल्लंय, गावानं खाल्लंय, त्याचं तेवढं राहिलंय. हे कूमला नेऊन दे. सांग, कुमानं पाठवलंय, त्याच्या हातांनी पुरलेल्या पोराचं. बरणी पुसून खायला सांग, तू समोर बसून बघ. ज्या दिवशी त्यानं शेवटचा चमचा गिळला असा तुझा निरोप येईल, त्या दिवशी मी विमानात बसेन. न्यायाधीशांना सांगेन, मानानं पुरला. खरं तेच सांगेन."

स्तोयाच्या तोंडातून आवाज फुटला, पण शब्द नव्हता तो. तिनं बरणीकडं बघितलं, मग मुळांकडं, मग परत बरणीकडं. ती खाली ठेवायला वाकली.

"कूमच्या घरचं परत करतात का?" जेवाहिरानं विचारलं.

स्तोया तशीच अर्धी वाकलेली थांबली. मग सरळ झाली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, तापलेलं भांडं न्यावं तशी ती फाटकातून बाहेर पडली आणि उतार उतरायला लागली. संध्याकाळची बस खाली थांब्यावर येऊन उभी राहिली, दार उघडलं. ड्रायव्हरनं वाट बघितली, भोंगा वाजवला. तिला कांबीला धरायला हात मोकळा नव्हता. बस निघून गेली.

अंधार पडला तरी ती थांब्यावर तशीच दिसत होती, हात पुढं करून उभी.